ई-सायकल : घाट सोडून दिलेल्यांसाठी

गेल्या वर्षभरात दवाखान्यात एक नवा प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला आहे. "डॉक्टर, ती बॅटरीची सायकल घेतली तर चालेल का? तिने व्यायाम होतो, की नुसतेच फिरणे होते?" विचारणारे बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढचे असतात. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाची अँजिओप्लास्टी झालेली असते, कोणाला साखर असते. तरुणपणी यातल्या अनेकांनी साध्या सायकलीवर सज्जनगडाचा पायथा गाठलेला असतो, कासला जाऊन डबा खाल्लेला असतो. पुढे संसार, नोकरी, वाढते वजन आणि शेवटी आजारपण यांमुळे तो घाट सुटतो आणि फिरणे कॉलनीतल्या चार फेऱ्यांवर येऊन थांबते.

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाची अडचण अशी की, बऱ्याच दिशांना गावाबाहेर पडले की चढ लागतो. सपाटीच्या गावातला रुग्ण सायकलीवर हळूहळू अंतर वाढवू शकतो. आपल्याकडे मात्र ज्या वाटा सुंदर आहेत त्या घाटाच्या आहेत. म्हणून ई-सायकल हा विषय आपल्यासाठी केवळ हौसेचा नाही. गेली दोन वर्षे मी स्वतः ती चालवतो. माझे वय ६१. या काळात मला आलेले आणि रुग्णांनी सांगितलेले अनुभव, तसेच त्यामागचे शास्त्र आज वाचकांपुढे ठेवतो.

ई-सायकल म्हणजे नेमके काय?

ई-सायकल म्हणजे इलेक्ट्रिक स्कूटर नव्हे. ही मुळात सायकलच असते. तिला पायडल असते, साखळी असते, बहुधा गिअर असतात. शिवाय चाकाच्या मध्यभागी किंवा पायडलपाशी एक लहान मोटार आणि दांड्यावर एक बॅटरी असते. आपण पायडल मारू लागलो की मोटारही जोर लावते. पाय थांबले की तीही थांबते. किती मदत हवी हे हँडलवरच्या बटणाने ठरवता येते.

आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींना स्कूटरसारखी मूठही असते. ती पिळली की पाय न हलवता सायकल पळते. गर्दीतून निघताना किंवा दम लागल्यावर ही सोय उपयोगी आहे. पण मूठ पिळून घातलेल्या फेरीचा शरीराला उपयोग स्कूटरवरच्या फेरीइतकाच, हे ध्यानात ठेवावे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा जास्त नाही, अशा वाहनाला मोटार वाहन समजले जात नाही. म्हणून तिला नोंदणी आणि चालवायला परवाना लागत नाही. मात्र काही दुकानांत वेगाची मर्यादा काढून देण्याची "सोय" केली जाते, ती घेऊ नये. एक तर ते नियमाबाहेर जाते आणि दुसरे म्हणजे सायकलीचे ब्रेक त्या वेगासाठी केलेले नसतात.

घाटात शरीराचे काय होते?

साधी सायकल सपाटीवर फार दयाळू असते. ताशी १२-१३ किलोमीटर वेगाने जायला चालण्याएवढेच श्रम पडतात. चढ लागला की चित्र पालटते. कारण आता स्वतःचे आणि सायकलीचे वजन वर उचलायचे असते.

थोडा हिशेब करू. माणूस ७५ किलोचा, सायकल आणि सामान मिळून २० किलो. शंभर मीटरला पाच ते सात मीटर चढ असलेल्या रस्त्यावर हे वजन ताशी ६ किलोमीटरने वर न्यायला सुमारे १०० ते १२० वॅट ताकद लागते. सराव नसलेल्या साठीच्या माणसाला अर्धा तास सलग साधारण ६० ते ८० वॅट झेपतात. "मग आणखी हळू जावे," असे कोणी म्हणेल. पण ताशी ५-६ किलोमीटरच्या खाली सायकलीचा तोलच राहत नाही. चालताना आपण हवे तितके मंद होऊ शकतो, सायकलीवर तसे होता येत नाही. घाटात साध्या सायकलीचा एक किमान भाव ठरलेला असतो. तो परवडत नसेल तर उतरावे लागते.

जो उतरत नाही आणि जिद्दीने रेटतो, त्याचे काय होते? स्नायूंना लागेल तेवढा प्राणवायू रक्तातून पोहोचत नाही. श्वास फुलतो, पाय भरून येतात. हँडल घट्ट आवळले जाते, नकळत श्वास रोखला जातो आणि रक्तदाब झपकन वर चढतो. सवय नसलेल्या माणसाने एकाएकी असे जोराचे श्रम केले तर हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका काही काळ वाढतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. ज्यांच्या रोहिणीत आधीच अडथळे आहेत आणि ज्यांना ते माहीत नाहीत, त्यांना हा धोका सर्वांत जास्त.

ई-सायकल नेमकी येथे कामी येते. त्याच चढावर ताशी १० किलोमीटरने जायला साधारण १६० वॅट किंवा त्याहून थोडे अधिक लागत असतील, तर त्यांतले ९०-१०० मोटार देते आणि आपल्याला ६०-७० द्यावे लागतात. घाट तोच, पण श्रम सपाटीवरच्या भरभर चालण्याएवढे. श्रमांचा जो उंच सुळका हृदयाला नको असतो तो कापला जातो आणि खालचा लांब, सपाट, हितकारक भाग शिल्लक राहतो.

मग व्यायाम होतो का?

होतो, पण पाय चालवले तरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. ई-सायकलीवरचे श्रम बहुतेक वेळा याच मध्यम पायरीवर पडतात, असे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांतून दिसले आहे.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे जादा वजनाच्या माणसांचे दोन गट केले होते. एक गट साध्या सायकलीवर कामाला जाई, दुसरा ई-सायकलीवर. चार आठवड्यांनी दोन्ही गटांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळपास सारखी सुधारलेली दिसली. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. गट लहान होते, त्यामुळे त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण युरोपातील सात शहरांतल्या मोठ्या पाहणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, ई-सायकलवाल्यांची आठवड्याची एकूण हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरली. कारण सोपे आहे : दर किलोमीटरला श्रम कमी पडतात म्हणून माणसे जास्त लांब जातात.

त्याच वर्षी इंग्लंडमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या पुढच्या माणसांनी आठवड्यातून तीनदा, दर वेळी अर्धा तास, आठ आठवडे मोकळ्या हवेत सायकल चालवली. विचारशक्तीच्या काही चाचण्यांत त्यांची प्रगती दिसली आणि मनाच्या स्वास्थ्यात ई-सायकलवाल्यांना थोडा अधिक फायदा झाला. म्हणजे लाभ केवळ घाम गाळण्याचा नसावा. घराबाहेर पडणे, नवी वाट दिसणे आणि "आपल्याला जमते" असे वाटणे याचाही असावा.

एका निवृत्त कारकुनांचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. अँजिओप्लास्टीनंतर त्यांनी चढाची धास्तीच घेतली होती. घरच्यांनी जिनासुद्धा बंद केला होता. तपासण्या समाधानकारक आल्यावर मी त्यांना सपाटीपासून सुरुवात करायला सांगितली. सहा महिन्यांनी ते यवतेश्वरपर्यंत जाऊन आले. त्यांच्या रक्तातल्या आकड्यांत माफक सुधारणा झाली; पण "आता मी आजारी माणूस नाही" असे ते म्हणाले, ती सुधारणा कोणत्याही प्रयोगशाळेच्या कागदावर उमटत नाही.

सुरुवात कोठून करावी?

पहिले दोन-तीन आठवडे घाटाचे नाव काढू नये. सकाळी साताऱ्याहून संगम माहुलीला जावे. अंतर जेमतेम पाच किलोमीटर. महामार्ग ओलांडताना सायकलवरून उतरून दोन्ही बाजू पाहाव्यात. पुढे कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम, घाटाच्या पायऱ्या आणि जुनी दगडी देवळे. येथे दहा मिनिटे बसावे, पाणी प्यावे आणि नाडी पाहावी. नदी गावापेक्षा खाली असल्याने परतताना हलका चढ लागतो. मोटारीची मदत कमी-जास्त करून पाहायला ही वाट उत्तम.

या फेरीत एक गोष्ट शिकून घ्यावी : बोलण्याची कसोटी. सायकल चालवताना शेजारच्या सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत, पण गाणे म्हणता येऊ नये. गाणे म्हणता येत असेल तर मोटार फार काम करीत आहे; मदत एक पायरी कमी करावी. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर आपण फार काम करीत आहोत, मदत वाढवावी. हृदयाचा वेग कमी ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना ही कसोटी विशेष महत्त्वाची, कारण त्यांची नाडी श्रम होऊनही फारशी वाढत नाही. मनगटावरच्या घड्याळात दिसणाऱ्या आकड्यांवर त्यांनी विसंबू नये.

दुसरी पायरी सज्जनगडच्या पायथ्याची. बोगद्यातून बाहेर पडले की गावाचा गलका मागे राहतो. पावसाळा संपल्यावर दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरे दिसतात आणि समोर गड. मध्ये छोटे चढउतार आहेत. कोठे मदत वाढवायची आणि कोठे गिअर हलका करायचा, ते येथे हाताला कळू लागते. चढ सुरू झाल्यावर गिअर बदलू नये, चढाच्या आधी बदलावा. पायडल मिनिटाला साठ ते ऐंशी फेरे फिरत राहील असा गिअर ठेवावा. जड गिअरवर संथ आणि दाबून मारलेले पायडल गुडघ्याच्या वाटीवर सर्वांत जास्त ताण देते.

याच रस्त्याने पुढे बोरणे घाट चढून ठोसेघरला जाता येते. साताऱ्याहून अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. खाली उरमोडी धरणाचे पाणी चमकत असते. ठोसेघरचा धबधबा पाहावा तो पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या थोड्या दिवसांत; पण भर पावसात या घाटात सायकल घालू नये. धुके असते, रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते आणि दरडीचे दगड आलेले असतात. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, धबधब्यात पाणी असते आणि रस्ता कोरडा असतो. तो काळ चांगला.

यवतेश्वर आणि कास

ज्या वाटेबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते ती ही. सातारा ते कास पठार अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर आणि चढ सुमारे पाचशे मीटरचा. त्यातला बराचसा चढ सुरुवातीच्या यवतेश्वर घाटातच संपतो. दरवर्षीच्या सातारा हिल मॅरेथॉनचे धावपटू जो घाट चढतात तोच हा. शरीर तापण्याआधीच हा घाट समोर येतो, हे लक्षात घ्यावे. म्हणून गावातच दहा मिनिटे सपाटीवर फेऱ्या माराव्यात आणि मग घाटाला लागावे. घाटात मदत वरच्या पायरीवर ठेवण्यात काहीही कमीपणा नाही.

यवतेश्वर आले की रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो. एका बाजूला कण्हेर धरणाचे पाणी, दुसऱ्या बाजूला उरमोडीचे खोरे. हवा गार होते. येथून पुढे मदत कमी करावी आणि पायांना काम द्यावे. मोटारगाडीतून जाताना हा भाग वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. सायकलीवर गवताचा वास येतो, चंडोलाचा आवाज ऐकू येतो, वारा कोणत्या खिंडीतून येतो ते कळते. साध्या सायकलीवर घाट चढून आलेल्या दमलेल्या माणसाचे लक्ष मात्र फक्त पुढच्या चाकाकडे असते. ई-सायकलीने मला दिलेली सर्वांत मोठी देणगी ही की, मान वर करून पाहण्याइतका श्वास शिल्लक राहतो.

कास पठार पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत तेरडा, गेंद, सोनकी, सीतेची आसवे यांचे गालिचे पसरतात. फुलांच्या हंगामात प्रवेशासाठी आधी नोंदणी करावी लागते. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते आणि तिच्या धुरात सायकल चालवून फुप्फुसांचे भले होत नाही. कामाच्या दिवशी, अगदी सकाळी जावे. सायकल रस्त्यावरच ठेवावी. पठारावर चाक घालणे म्हणजे फुले तुडवणे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फुले नसली तरी सायकलीसाठी हे महिने सर्वांत निर्धोक. उन्हाळ्यात जायचेच असेल तर सकाळी नऊच्या आत घरी परत यावे.

कास तलावाच्या पुढे बामणोलीकडे उतरण्याचा मोह होतो. खाली कोयनेच्या शिवसागराचे विस्तीर्ण पाणी दिसते. पण ही उतरण सुमारे चारशे मीटरची आहे, म्हणजे परतताना जवळजवळ दुसरा कास चढायचा. अर्धी बॅटरी आणि अर्धी ताकद संपलेली असताना तो चढ साठीच्या माणसाने पत्करू नये. जायचेच असेल तर परतीसाठी टेम्पोची व्यवस्था आधी करावी.

उतार : खरा धोका येथे

वाचकहो, या लेखातील एकच परिच्छेद लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. ई-सायकलीने चढ सोपा केला, उतार नाही. पूर्वी ज्या माणसाला घाटमाथा गाठताच येत नव्हता तो आता सहज पोहोचतो आणि तितक्याच उंचीवरून त्याला खाली यावे लागते. साध्या सायकलीवर वर्षानुवर्षे सराव करून चढणारा माणूस उतारही शिकत जातो. ई-सायकलवाल्याचा तो सराव राहून जातो.

चढताना पायांनी आणि मोटारीने मिळून जे काम केले ते सगळे उतरताना ब्रेकमध्ये आणि वाऱ्यात जिरवायचे असते. स्कूटर चालवणाऱ्यांना गाडी गिअरमध्ये किंवा इंजिनाच्या ओढीवर धरायची सवय असते. येथे इंजिन नाही. बहुतेक ई-सायकलींची मोटार उतारावर काहीही अडवत नाही. शिवाय सायकलच वीस-बावीस किलोची. वेग १५ वरून ३० झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबण्यापर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते.

म्हणून वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक मारू नये. दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत. सतत घासत ठेवण्यापेक्षा दाबावेत, सोडावेत, पुन्हा दाबावेत. दर दीड-दोन किलोमीटरला थांबून हात मोकळे करावेत, ब्रेक थंड होऊ द्यावेत. वेग ताशी वीसच्या आत ठेवावा. माझ्या एका रुग्णाचे गळपट्टीचे हाड घाटाच्या शेवटच्या वळणावर मोडले. चढताना त्यांना काहीही त्रास झाला नव्हता. वाळूवर पुढचा ब्रेक एकदम दाबला गेला, एवढेच. डोक्याला हेल्मेट होते म्हणून ते हाडावर निभावले. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना डोक्याला लागलेला मार साधा राहत नाही, आत रक्तस्राव होऊ शकतो. अशांनी हेल्मेटशिवाय अंगणातही ही सायकल चालवू नये.

आणखी एक सूचना : माथ्यावर घामाने भिजलेले अंग उतारावरच्या वाऱ्यात गारठते, बोटे बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबला जात नाही. पिशवीत एक पातळ जाकीट आणि हातमोजे असावेत.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावे?

ज्यांना चालताना छातीत दडपण येते, ज्यांना गेल्या काही महिन्यांत झटका आला किंवा अँजिओप्लास्टी अथवा बायपास झाली, ज्यांचा रक्तदाब औषधे घेऊनही ताब्यात नाही, ज्यांना चक्कर किंवा फिट येते, त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरुवात करू नये. गरज वाटल्यास डॉक्टर स्ट्रेस टेस्ट सांगतील. ती टाळू नये.

मधुमेहाच्या रुग्णांत इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटू लागले की लगेच थांबून ते खावे. लांब फेरीनंतर काही तासांनी, अगदी रात्रीही साखर उतरू शकते; त्या दिवशी झोपण्यापूर्वी तपासावी. पायाला संवेदना कमी असेल तर चपलेवर सायकल चालवू नये, बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत.

चालवताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अकारण धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर "घाटमाथा आलाच आहे" असे म्हणू नये. सायकल बाजूला घ्यावी, बसावे, सोबत्याला सांगावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घाटात काही ठिकाणी फोनला रेंज नसते. म्हणून पहिले काही महिने एकट्याने जाऊ नये.

गुडघे, सीट आणि हँडल

गुडघ्याची झीज झालेल्यांना सायकल चालण्यापेक्षा बरी, कारण शरीराचा भार सीटवर असतो. मात्र सीटची उंची बरोबर हवी. सीटवर बसून पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवावी. गुडघा जवळजवळ सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा थोडासा वाकलेला राहतो. आपल्याकडे पडण्याच्या भीतीने सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकललाच दोष देतात.

सीट फार उंच असेल तर कंबर दोन्ही बाजूंना हलते आणि पाठ दुखते. हाताला किंवा बसण्याच्या जागी मुंग्या येत असतील तर हँडल थोडे वर घ्यावे, दर वीस मिनिटांनी उतरून चार पावले चालावे. युरोपात ज्येष्ठांच्या ई-सायकल अपघातांत चढता-उतरताना तोल जाऊन पडण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. म्हणून ज्यांना पाय उंच टाकता येत नाही त्यांनी मधला दांडा खाली असलेली सायकल घ्यावी. साडी किंवा ओढणी वापरणाऱ्या भगिनींसाठीही तीच सोयीची. चाकावर जाळी आणि साखळीवर झाकण मात्र जरूर बसवून घ्यावे.

बॅटरीचे गणित

साधारण ई-सायकलीची बॅटरी २५० ते ३५० वॅट-तासांची असते. शंभर किलोचे ओझे पाचशे मीटर वर न्यायला सुमारे १३५ वॅट-तास लागतात. रस्त्याचे घर्षण आणि मोटारीतली गळती वेगळी. आपण निम्मे काम पायांनी केले तर कासला जाऊन यायला बॅटरी पुरते. नुसती मूठ पिळत गेलात तर २५० ची बॅटरी वाटेतच मान टाकण्याची शक्यता आहे. जाहिरातीतला किलोमीटरचा आकडा सपाटीचा असतो, घाटाचा नव्हे.

बॅटरीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. रात्रभर लावून झोपू नये, झोपायच्या खोलीत किंवा जिन्याच्या तोंडाशी चार्ज करू नये. पडून फुगलेली किंवा चिरलेली बॅटरी वापरू नये. उन्हात तापलेली बॅटरी थंड झाल्यावरच चार्जिंगला लावावी.

वाचकांचे प्रश्न

*माझे वय ५४, वजन ८२ किलो. ई-सायकलीने वजन कमी होईल का? (एक भगिनी, कोरेगाव)*

नुसत्या सायकलीने वजन फारसे उतरत नाही, आहारही आवरावा लागतो. पण आठवड्यातून चार दिवस पाऊण तास पायडल मारल्यास साखर, रक्तदाब आणि झोप यांत फरक पडू शकतो. फेरीनंतर वाटेत मिसळ-भजी खाण्याची प्रथा मात्र पाडू नये.

*मी रोज पाच किलोमीटर चालतो. ते सोडून ई-सायकल घ्यावी का? (एक निवृत्त शिक्षक, वाई)*

चालणे सोडू नये. हाडांना बळकटी येण्यासाठी शरीराचा भार पायांवर पडावा लागतो, तो सायकलीवर पडत नाही. तीन दिवस चालावे, दोन दिवस सायकल चालवावी. शिवाय साठीनंतर तोल सांभाळण्याचे आणि स्नायूंना ताकद देणारे व्यायाम वेगळे करावेत.

*विकत घेण्यापूर्वी काय पाहावे? (एक वाचक, सातारा)*

ब्रेक. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असावेत आणि ते दाबताच मोटार बंद होते की नाही, ते दुकानातच पाहावे. जवळ दुरुस्ती करणारा आहे का, याची चौकशी करावी. आणि घेण्यापूर्वी चढाच्या रस्त्यावर एकदा चालवून पाहावी. सपाटीवर सगळ्याच सायकली चांगल्या वाटतात.

शेवटी थोडक्यात

पाय चालू ठेवा, मूठ अडचणीपुरती वापरा. बोलता येईल इतकेच दमा. सपाटीवर तीन आठवडे, छोट्या चढांवर महिनाभर, मगच घाट. हेल्मेट, पाणी, साखर, जाकीट आणि सोबती यांशिवाय निघू नका. आणि चढाची भीती वाटत नसली तरी उताराची थोडी भीती कायम मनात असू द्या. एवढे पाळले तर वयामुळे किंवा आजारामुळे सोडून दिलेल्या वाटांपैकी बऱ्याच वाटा आपल्याला अजूनही मोकळ्या आहेत.